डोंगल कुठे खोचायचं?

मुलुंडच्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन

मंडळी, बाहेरच्या फळ्यावर विषय लिहिलाय, ‘घरच्या संगणकासाठी यूएसबी वाय-फाय अडॅप्टर कसा निवडावा’. तो आपल्या कार्यवाहांचा. माझा विषय होता, ‘अडॅप्टर कुठे खोचावा’. अडॅप्टर म्हणजे आपलं डोंगल, यूएसबीत खोचलं की संगणकाला वाय-फाय देणारं. ते म्हणाले, सर, असल्या विषयाला कोण येणार? म्हणून निवडीच्या नावाखाली तुम्हाला बोलावून घेतलंय. आता आलाच आहात तर बसा. निवडीचंही सांगेन, वेळ उरला तर.

परिस्थिती तुमच्या-माझ्या घरातलीच आहे. डेस्कटॉप जुना, पण टाकवत नाही. त्यात वाय-फाय नाही. राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या वर, कारण केबलवाल्या पोराला तिथेच खिळा सापडला. संगणक आतल्या खोलीत. लॅनची वायर ओढली की प्रश्न कायमचा मिटतो, पण वायर दारातून जाते आणि मग दार लागत नाही, की लगेच घरात ठराव मंजूर होतो: हे काढा. मग आपण अडॅप्टर आणायला मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला जातो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं स्वच्छ मराठीत लिहिलंय, पण टॅक्सीवाल्याला तसं सांगून बघा, तो तुम्हाला दवाखान्याचा पत्ता विचारेल. असो. तिथे दुकानदार विचारतो, ‘कितीवालं देऊ?’

इथेच माझं डोकं फिरतं. खोक्यावर वेगाचे आकडे असतात: सहाशे, बाराशे, तेराशे, अठराशे. बाराशे कुठून आले? वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओ पट्ट्यावर सेकंदाला जास्तीत जास्त ८६७ मेगाबिट, २.४ च्या पट्ट्यावर ३००. बेरीज ११६७. तिला गोल करून बाराशे. आणि अडॅप्टर एका वेळी चालतो एकाच पट्ट्यावर! वेस्टर्नच्या गाडीतल्या सीटा आणि सेंट्रलच्या गाडीतल्या सीटा मिळवून सांगाव्यात, तसला हा हिशेब. तुम्ही बसणार एकाच गाडीत. बरं, ते ८६७ सुद्धा हवेतले. हाती येतात साधारण निम्मे. आणि अडॅप्टर जुन्या यूएसबी २.० चा असेल, तर त्या भोकाचीच मर्यादा ४८० मेगाबिट. खोकं बाराशेचं, दरवाजा ४८० चा, आणि घरी येणारा इंटरनेटचा प्लॅन शंभरचा. हसू नका, तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी हेच आहे.

आता आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींची गोष्ट. ते इथे नाहीत, त्यामुळे मोकळेपणाने सांगतो. त्यांच्या सूनबाई पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करतात. रोज दुपारी तीनच्या सुमाराला मीटिंग गोठायची. पडद्यावर साहेब तोंड उघडं ठेवून थांबलेले, आवाज तुटक, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी सगळं आपोआप सुरळीत. सकाळी काही नाही, रात्री काही नाही. फक्त तीनला.

सेक्रेटरी हे सेक्रेटरी असल्यामुळे त्यांनी आधी इंटरनेटवाल्याला झापलं. तो पोरगा दोनदा येऊन गेला. एकदा राउटर बदलला, एकदा नुसता चहा प्यायला. मग यांचा संशय गेला वरच्या मजल्यावरच्या मायक्रोवेव्हवर. तसा संशय अगदीच बाष्कळ नव्हता बरं का. मायक्रोवेव्हची भट्टी चालते २.४५ गिगाहर्ट्झवर, म्हणजे वाय-फायच्या २.४ च्या पट्ट्यातच, आणि जवळून ती त्रास देते. पण मध्ये काँक्रीटची अख्खी स्लॅब आहे, आणि अन्न गरम करायला वीस-पंचवीस मिनिटं कोण लावतं? तरीही फलकावर सूचना लागली: ‘दुपारी २ ते ४ मायक्रोवेव्ह वापरू नये. हुकमावरून.’ वरच्या वहिनींनी खाली लिहिलं, ‘मग जेवण पाठवा.’

शेवटी जुन्या डोंगलऐवजी ते तेराशेचं खोकं घेऊन आले. दोन अँटेना असलेलं, निळ्या टोकाचं, म्हणजे यूएसबी ३.० चं. पहिल्या दिवशी तीन वाजता मीटिंग गोठली. तेव्हा मला बोलावणं आलं, कारण मी पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो आणि फुकट येतो.

मी पडद्याकडे बघितलंच नाही. बॅटरी घेऊन थेट टेबलाखाली शिरलो. डबा म्हणजे ज्याला आपण सीपीयू म्हणतो तो, लोखंडी कपाटाला चिकटून. त्याची पाठ भिंतीकडे. पाठीमागे निळ्या भोकात नवीन अडॅप्टर, आणि त्याला खेटून शेजारच्या निळ्या भोकात बाहेरची हार्ड डिस्क. घड्याळात तीन वाजले आणि डिस्कवरचा दिवा लुकलुकायला लागला. वरून सूनबाई म्हणाल्या, ‘काका, गेलं.’

चिरंजीवांनी रोजच्या बॅकअपची वेळ लावली होती दुपारी तीन. का? तर ‘त्या वेळी कुणी वापरत नाही’. ते ऑफिसात असतात ना.

हे का होतं, ते नीट ऐका, कारण मी आलोय ते यासाठी. यूएसबी ३.० मधून माहिती ५ गिगाबिटच्या वेगाने धावते, आणि धावताना वायरीतून, पिनेतून रेडिओचा गोंगाट बाहेर सांडते. तो पसरट असतो आणि २.४ गिगाहर्ट्झचा पट्टाही त्यात सापडतो. हा माझा शोध नाही. इंटेल कंपनीने २०१२ साली यावर रीतसर टिपण काढलं. उपाय दोन: डिस्कच्या वायरीवरचं धातूचं आवरण चांगलं हवं, आणि अँटेना तिथून लांब हवी. आपण काय करतो? अँटेना नेमकी तिथेच, एका इंचावर खोचतो. वर कपाट लोखंडी, डबा लोखंडी. राउटरकडून येणारा बारीक आवाज अडॅप्टरला ऐकू यायचा कसा?

मी दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर लावली, अडॅप्टर टेबलावर आणून शब्दकोशाच्या ढिगाऱ्यावर चिकटपट्टीने बसवला. डिस्क चालू, मीटिंग चालू. सेक्रेटरी म्हणाले, ‘म्हणजे वायरलेस चालायला वायर लागते?’ हो साहेब, लागते. मुख्य म्हणजे मग मी त्यांचा राउटर पाहिला. केबलवाल्याने दिलेला, फक्त २.४ वाला. म्हणजे तेराशेतले ८६७ जन्मभर बेकारच बसणार होते. जुनं डोंगल आणि एक वायर यात काम झालं असतं.

मायक्रोवेव्हची सूचना अजून फलकावर आहे. काढायला ठराव लागतो.

कार्यवाह चिठ्ठी पाठवतायत. सात वाजता गीतापठणाचा वर्ग. म्हणजे दहा मिनिटं. बरं, निवड.

आधी राउटर बघा. तळाच्या चिठ्ठीवर ५ गिगाहर्ट्झ लिहिलंय का? नसेल तर महाग अडॅप्टर घेऊ नका, आधी राउटर बदलून मागा. असेल तर दोन्ही पट्ट्यांचाच अडॅप्टर घ्या. आपल्या इमारतींत २.४ वर शेजारपाजारची वीस-पंचवीस नावं दिसतात, आणि एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच धरायचे: १, ६, ११. पाच वर जागा ऐसपैस आहे. मात्र पाचचा सिग्नल भिंतीत लवकर दमतो. दोन आरसीसी भिंती मध्ये असतील तर २.४ च बरा.

प्लॅन शंभरपर्यंतचा असेल, तर सहाशेचा, बाहेर अँटेना असलेला पुरतो. त्यातले ४३३ पाचवर मिळतात. प्लॅन दोनशे-तीनशेचा असेल तर बाराशेचा किंवा वाय-फाय ६ या पुढच्या पिढीचा अठराशेवाला, पण तो यूएसबी ३.० चाच. आणि घरी राहिलो २.४ वरच, तर तो काळ्या, म्हणजे यूएसबी २.० च्या भोकात लावा, निळ्या नव्हे. वेग थोडा घटेल, गोंगाट जाईल. ते नखाएवढं डोंगल लॅपटॉपला ठीक, डेस्कटॉपच्या पाठीला नको.

आतली चिप कोणती ते विचारा, विशेषतः विंडोजऐवजी लिनक्स वापरत असाल तर. एकाच नावाच्या मालात चिप बदलते. टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन७२२एन मध्ये पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची होती, दुसरीपासून रिअलटेकची. खोकं तेच, नाव तेच. लिनक्सला मीडियाटेकची एमटी७६१२यू निमूटपणे चालते, वेगळा ड्रायव्हर, म्हणजे अडॅप्टर ओळखायला लागणारं सॉफ्टवेअर, लागत नाही. विंडोजवाल्यांना खोक्यात ड्रायव्हरची छोटी सीडी मिळते आणि सीडी ड्राइव्ह घरात नसतो. अशा वेळी अँड्रॉइड फोन वाय-फायला जोडा, वायरीने संगणकाला लावा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. फोनच अडॅप्टर होतो. ड्रायव्हर उतरवून घ्या. काही जणांचं काम तर एवढ्यावरच भागेल, अडॅप्टर घ्यायलाच नको.

घरी लावल्यावर वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये दोन ओळी बघा, नेटवर्क बँड आणि लिंक स्पीड. बँड २.४ दाखवत असेल आणि राउटर दोन्हीवाला असेल, तर अडॅप्टर हलवा, वर न्या, मग पुन्हा बघा. बदलून घ्यायची मुदत संपायच्या आत बघा, दिवाळीनंतर नव्हे.

मागून प्रश्न आलाय, हे डोंगल टीव्हीच्या यूएसबीत चालेल का? नाही चालणार, आजी. टीव्हीला ज्या चिपचा ड्रायव्हर आतच दिलेला असतो तेवढंच तो ओळखतो, आणि बहुतेक टीव्हींत तसला काही नसतो. टीव्हीला मागे लॅनचं भोक आहे का बघा, राउटर तर त्याच्याच डोक्यावर टांगलाय.