माणूस गेला, तो खर्च कुठे लिहायचा?

(दृश्य : भोसरी एमआयडीसी. रात्रपाळी सुटते आहे.)

सकाळचे सात वाजलेत. भोसरीच्या या गल्लीत एकेक शटर वर जातंय. टपरीवर दोन पाळ्यांची माणसं एकाच किटलीतला चहा घेतायत. डोळे तांबारलेले ते घरी निघालेत, केस अजून ओले आहेत ते आत चाललेत.

समोरच्या वर्कशॉपमध्ये चार सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी, मशीन आहेत. चाकणच्या एका कारखान्यासाठी इथे बुश, म्हणजे नळीसारखे धातूचे छोटे भाग, बनतात. मटेरियल तिकडून येतं, इथे टर्निंग होतं, म्हणजे ते फिरवत ठेवून मापात कापलं जातं, माल परत जातो. जॉबवर्क म्हणतात याला. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा तीन मशीन चालू होती आणि चौथ्याचा दिवा विझलेला होता. मशीनला काही झालं नव्हतं. रात्रपाळीला ते चालवणारा माणूस सोडून गेला होता आणि त्याच्या जागेवर अजून कुणी मिळालं नव्हतं.

सहा वर्षं होता तो इथे. इन्सर्ट, म्हणजे मशीनमधलं कापणारं पातं, झिजायला लागला की कापाचा आवाज किंचित बदलतो. पलीकडच्या मशीनवर पाठमोरा उभा असला तरी त्याला तो ऐकू यायचा. थंडीच्या दिवसांत मशीन गार असतं, पहिला अर्धा तास माप दहा-बारा मायक्रॉननं सरकत राहतं. तेव्हा ऑफसेट, म्हणजे मापाची दुरुस्ती, किती द्यायचा आणि कितव्या पिसाला काढून घ्यायचा, हे ड्रॉइंगवर कुठे लिहिलेलं नसतं. ते त्याच्या हातात होतं.

मालकांना विचारलं, का गेला?

"दोन हजारांसाठी गेला," ते म्हणाले. "सगळे पगारासाठीच जातात."

मग आम्ही मोशीला त्याच्या घरी गेलो. नव्या ठिकाणी पगार दोन हजारांनी जास्त आहे, हे त्यानं लपवलं नाही. पण त्यानं आधी सांगितलं ते वेगळंच होतं. आधीच्या जागी सलग तीन-तीन आठवडे रात्रपाळी लागायची, आणि ती कधी बदलणार याचा पत्ता नसायचा. गुरुवार हा इथल्या कारखान्यांचा सुट्टीचा वार. बुधवारी रात्री फोन यायचा, उद्या या, माल अर्जंट आहे. एका गुरुवारी मुलीच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. ती झाशीची राणी झाली होती. पंधरा दिवस आधी सांगून ठेवलं होतं, तरी फोन आला, आणि तो गेला.

"कामाचं काही नाही हो, काम मला आवडायचं," तो म्हणाला. "पण उद्या काय, हेच कधी कळायचं नाही. फोन वाजला की पोटात गोळा यायचा."

(दृश्य : डिलिव्हरी चलनाची कोरी पाठ, बॉलपेननं मांडलेले आकडे.)

मालकांबरोबर बसून आम्ही या एका माणसाच्या जाण्याचा हिशोब मांडला. त्यांच्या मशीनचा तासाचा दर ३५० रुपये. आठ तासांची रात्रपाळी अठरा दिवस बंद राहिली, ते झाले ५०,४००. नंतर नवा मुलगा मिळाला. पहिल्या दीड महिन्यात त्याच्या हातून १४० पीस रिजेक्ट झाले. मटेरियल चाकणच्या पार्टीचं, त्यामुळे पिसाला ९० रुपयांप्रमाणे भरपाईची डेबिट नोट आली, १२,६०० रुपयांची. माल वेळेत पोचवायला तीन वेळा खास टेम्पो करावा लागला, त्याचे ५,४००. एकूण ६८,४०० रुपये.

गेलेल्या माणसाचा पगार होता २२ हजार. म्हणजे तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त रक्कम गेली. ज्या दोन हजारांपायी तो गेला असं मालकांना वाटत होतं, ते वाढवून दिले असते तर एवढ्या पैशात जवळजवळ पावणेतीन वर्षं निघाली असती. उरलेल्या ऑपरेटरना दिलेला ओव्हरटाइम यात धरलेला नाही. मालकांनी स्वतः मशीनवर उभं राहून काढलेल्या रात्रीही धरलेल्या नाहीत.

ते बराच वेळ त्या चलनाकडे बघत बसले. मग म्हणाले, "हे पैसे गेले, ते मला माहीत होतं. एका माणसापायी गेले, हे माहीत नव्हतं."

माहीत व्हायला तशी जागाच नाही. कंपनी कायद्यानं नफा-तोट्याच्या पत्रकाचा नमुना ठरवून दिलाय. त्यात पगार, भविष्यनिर्वाह निधी, कर्मचारी कल्याण आहे, व्याज आहे, घसारा आहे. मशीन झिजतं त्याची नोंद दरवर्षी होते. माणूस दमून निघून जातो तो खर्च रिजेक्शनमध्ये, ओव्हरटाइममध्ये, टेम्पोच्या भाड्यात विखरून बसतो. शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबी या बाजार-नियामक संस्थेच्या नियमानुसार कर्मचारी गळतीचं, म्हणजे वर्षभरात किती जण सोडून गेले याचं, प्रमाण जाहीर करावं लागतं. पण ते टक्क्यांत असतं. त्यापुढे रुपयांचा एक रकाना असता तर संचालक मंडळाच्या बैठकीतली चर्चा बदलली असती, असं आम्हाला मनापासून वाटतं.

(दृश्य : हिंजवडी, शिवाजी चौक. संध्याकाळचे साडेसात, तुंबलेली वाहतूक.)

भोसरीत विझलेला दिवा निदान डोळ्यांना दिसतो. हिंजवडीत सगळ्या मजल्यांवर दिवे चालूच असतात.

इथल्या एका इमारतीत नऊ वर्षांचा अनुभव असलेली एक इंजिनियर रोज दुपारी तीन ते पाच केटी देते, म्हणजे आपलं काम पुढच्यांना समजावून देते. तिनं पेपर टाकलेत. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड, त्यातले साठ सरले. परदेशातल्या एका विमा कंपनीची जुनी सिस्टिम ती सांभाळते. समोर दोन जण बसतात, स्क्रीन रेकॉर्ड होते. "सिस्टिम कशी चालते ते मी दाखवू शकते," ती सांगते. "पण एखादी गोष्ट अशीच का केली, ते मलाच आठवून आठवून सांगावं लागतं. तीस दिवसांत सगळं आठवणार नाही."

तिचा दिवस असा. सकाळी साडेसातला कोथरूडहून निघायचं, नऊला टीमची मीटिंग. रात्री साडेनऊला क्लायंटचा कॉल, तो संपायला अकरा. दोन वर्षांत तिनं आजारपणाची एकही रजा घेतली नाही. हजेरीच्या नोंदीत ती आदर्श ठरेल. पण शेवटच्या वर्षात एकच मेल तीन-तीनदा वाचूनही डोक्यात शिरायचा नाही, असं ती सांगते. पूर्वी दोन तासांत सापडणारी चूक शोधायला दोन दिवस लागायला लागले. न आलेला माणूस मोजता येतो. आलेला, पण आतून रिकामा झालेला माणूस कुठल्याच नोंदीत सापडत नाही, आणि मालकाला तोच जास्त महाग पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या केली. त्याला आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटलं, हे महत्त्वाचं. शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही अशी भावना, ही तिची तीन लक्षणं. आणि कारण दिलंय ते कामाच्या जागी दीर्घकाळ राहिलेल्या, नीट न हाताळलेल्या ताणाचं. म्हणजे उपाय एकट्या माणसानं घरी जाऊन करायचा नाही.

या इंजिनियरच्या जागी येणाऱ्याला बाजारभावानं तिच्याहून जास्त पगार द्यावा लागणार. मुलाखती घेणाऱ्या सीनियर लोकांचे तास जाणार. ऑफर घेतलेले काही जण ऐनवेळी जॉइनच होत नाहीत, मग पुन्हा पहिल्यापासून. जून २०२२ ला संपलेल्या बारा महिन्यांत इन्फोसिससारख्या कंपनीत गळतीचं प्रमाण २८.४ टक्के होतं. तेव्हा बाजार तेजीत होता, त्यामुळे सगळेच ताणापायी गेले असं म्हणणं बरोबर होणार नाही. पण तेजीत आधी कोण निघतं? ज्याला रात्री अकराला लॅपटॉप मिटताना उद्याची धास्ती वाटते, तो.

जगाचा आकडा मोठा आहे. नैराश्य आणि चिंता यांपायी दरवर्षी १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात, उत्पादकतेचं नुकसान सुमारे एक लाख कोटी डॉलर, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना सांगतात. भारतातल्या मालकांना कर्मचाऱ्यांच्या बिघडलेल्या मानसिक आरोग्याची वर्षाला साधारण १४ अब्ज डॉलर किंमत मोजावी लागते, असा डेलॉइटचा २०२२ चा अंदाज होता. त्यात गैरहजेरी, हजर असून काम न होणं आणि नोकरी सोडणं, तिन्ही धरलेलं होतं.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं, असेंब्ली लाइन.)

हा हिशोब नवा नाही. अमेरिकेत डेट्रॉइटजवळ हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यात १९१३ साली सरकती असेंब्ली लाइन सुरू झाली. गाड्या भराभर बाहेर पडू लागल्या आणि माणसंही. दिवसभर एकच नट आवळायचा, तोही पट्ट्याच्या वेगानं, हे लोकांना सोसेना. त्या वर्षी गळती ३७० टक्क्यांवर गेली. सुमारे १४ हजार माणसं कामावर राहावीत म्हणून ५२ हजारांहून जास्त भरती करावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये फोर्ड यांनी कामाचे तास नऊवरून आठ केले आणि दिवसाला पाच डॉलर मिळतील असं जाहीर केलं, जुन्या रोजाच्या दुपटीहून जास्त. अटी जाचक होत्या. कंपनीचे लोक कामगारांच्या घरी जाऊन चौकशी करत, आणि ते समर्थनीय नव्हतं. पण १९१५ मध्ये गळती १६ टक्क्यांवर आली.

पगार हा त्यातला एक भाग. मोशीच्या त्या ऑपरेटरनं जे सांगितलं, ते लंडनमध्ये फार मोठ्या प्रमाणावर तपासलं गेलंय. ब्रिटिश सरकारी नोकरांवरचा व्हाइटहॉल अभ्यास मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली १९८५ मध्ये दुसऱ्या टप्प्यात गेला, दहा हजारांहून जास्त लोकांचा. आपल्या कामावर ज्यांचा ताबा कमी, म्हणजे काय, कधी, कसं करायचं यात ज्यांना काडीचा शब्द नाही, त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण जास्त निघालं. पोटात गोळा येणं म्हणजे निव्वळ बोलण्याची पद्धत नव्हे.

म्हणून ऑफिसात महिन्यातून एकदा योगाचं सत्र ठेवून हे सुटेल, असं आम्हाला वाटत नाही. योग चांगलाच आहे. पण बुधवारी रात्रीचा तो फोन बंद व्हायला हवा.

(दृश्य : पुन्हा भोसरी. चार महिन्यांनंतर, बुधवार, संध्याकाळ.)

चौथं मशीन चालू आहे. मालकांनी हजेरीच्या पंचिंग मशीनशेजारी एक पांढरा बोर्ड लावलाय. महिन्याच्या पाळ्या आधीच्या पंचवीस तारखेला त्यावर लिहिल्या जातात. गुरुवारी बोलवायचं झालं तर मंगळवारपर्यंत विचारायचं, आणि नाही म्हटलं तर नाही. पहिल्या महिन्यात दोनदा नाही ऐकावं लागलं. एक डिलिव्हरी एक दिवस उशिरा गेली. चाकणहून बोलणी खावी लागली.

जुना ऑपरेटर परत आलेला नाही. येणारही नाही, त्याचं तिकडे बरं चाललंय. नवा मुलगा अजून आवाजावरून इन्सर्ट ओळखत नाही. दर वीस पिसांना थांबून मायक्रोमीटर लावतो. पाळी संपली तसा त्यानं हात पुसले, बोर्डासमोर उभा राहिला, मोबाईलवर फोटो काढला आणि तिथल्या तिथे घरी पाठवला.