खाड्याचे सहा शिलिंग

(रग्बी, चषक आणि बुडालेला पगार: लघुमाहितीपटाचं निवेदन)

(दृश्य: काचेच्या पेटीतला चषक. कॅमेरा एका मुठीवरून सावकाश वर सरकतो.)

आधी हे नाग बघा. तीन आहेत, तिन्ही अंग ताणून उभे. चषक उचलायचा तर यांनाच धरून उचलायचा. झाकणावर हत्ती, हत्तीच्या पाठीवर अंबारी. उंची जेमतेम दीड फूट.

ही चांदी एके काळी नाणी होती. कलकत्त्यातल्या एका क्लबाची बँकेतली शिल्लक, २७० रुपये. ती वितळवून भारतीय कारागिरांनी हा चषक घडवला.

१८७२ च्या नाताळच्या दिवशी कलकत्त्यातल्या इंग्रजांनी रग्बीचा, म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाचा, सामना भरवला. एका बाजूला इंग्लंडचे वीस, समोर स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स मिळून वीस. पुढच्याच महिन्यात क्लब निघाला. पण बंगालची हवा या खेळाला मानवेना, पलटणी बदलून गेल्या, राहिलेले लोक टेनिस आणि पोलोकडे वळले. क्लब मिटवायची वेळ आली तेव्हा सभासदांनी शिल्लक आपसात वाटून घेतली नाही. १८७७ च्या डिसेंबरात त्यांच्या चिटणिसाने लंडनच्या रग्बी युनियनला, म्हणजे इंग्लंडात हा खेळ चालवणाऱ्या संघटनेला, पत्र लिहिलं: आम्ही चषक करून देतो.

क्लबाच्या मनात होतं की या चषकासाठी दरवर्षी क्लबाक्लबांत बाद फेरीची स्पर्धा व्हावी. फुटबॉलवाल्यांची तशी स्पर्धा तेव्हा सुरू झालेली होती. लंडनला ते रुचलं नाही. बक्षिसासाठी खेळायला लागले की ईर्षा येते, ईर्षेमागून पैसा येतो, अशी त्यांना धास्ती. चषक त्यांनी घेतला, पण तो इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सामन्याला लावला. पहिला सामना १८७९ मध्ये एडिंबरोला झाला, तो बरोबरीत सुटला. आजही हा चषक त्याच दोघांच्या सामन्याला लागतो.

(दृश्य: दरी. धुकं. धुक्यातून वर आलेली गिरणीची चिमणी.)

आणि कलकत्त्याहून पत्र गेलं त्याच हिवाळ्यात इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशायरमध्ये, लंडनने नको म्हटलेली गोष्ट सुरूसुद्धा झाली होती.

हे हॅलिफॅक्स. समोर दिसतं ते डीन क्लाउ, गालिच्यांचा कारखाना. एके काळी जगातला सर्वांत मोठा. दगड अजून काळे आहेत, तो धूर धुऊन निघत नाही. आत आता कचेऱ्या आहेत, कलादालनं आहेत. या खिडक्या मोजायचा आम्ही प्रयत्न केला आणि सोडून दिला. प्रत्येक खिडकीमागे माग, प्रत्येक मागाशी माणूस.

१८५० च्या कायद्याने कापडगिरण्या शनिवारी दुपारी दोनला बंद होऊ लागल्या. भोंगा झाला की उरलेला दिवस कामगाराचा. हा अर्धा दिवस नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

१८७७ मध्ये यॉर्कशायर काउंटीच्या, म्हणजे या परगण्याच्या, रग्बी समितीने चषक जाहीर केला. १६ क्लब उतरले. अंतिम सामन्यात हॅलिफॅक्सने यॉर्कला हरवलं. लोकांनी आपल्या बोलीत त्या चषकाला नाव ठेवलं, त्याचा अर्थ होतो 'जुनं टिनपाट'. नाव प्रेमाचं आहे. घरातल्या जुन्या भांड्याला आपण ठेवतो तसं.

(दृश्य: शनिवारचं मैदान. चिखल. दोन संघ एकमेकांत डोकी खुपसून स्क्रमला बसतात. वाफ.)

बाद फेरीचा नियम तीन शब्दांचा आहे. हरला तो घरी.

एवढ्याशा नियमाने काय काय करावं लागलं ते पाहा. १८७१ मध्ये रग्बी युनियनने पहिले नियम छापले तेव्हा सगळ्या वादांचा निवाडा दोन्ही कप्तानांनी करायचा असं त्यात लिहिलं होतं. मैदानात तिसरा माणूस लागतो असं कोणाला वाटलंच नव्हतं. मैत्रीच्या सामन्यात हे निभतं. एक म्हणतो चेंडू रेषेपलीकडे टेकला, दुसरा म्हणतो नाही टेकला, थोडी बाचाबाची होते आणि खेळ पुढे चालतो. चषकाच्या सामन्यात मात्र निकाल लागल्याशिवाय पुढची फेरी मांडता येत नाही. मग शिट्टी घेतलेला, दोन्ही गावांचा नसलेला माणूस हवाच.

गुणांचंही तसंच. आज ट्रायला पाच गुण आहेत. तेव्हा ट्रायला एकही नव्हता. प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला की तुम्हाला गोलावर लाथ मारायचा एक 'प्रयत्न' मिळायचा, म्हणून त्याचं नाव ट्राय. चेंडू आडव्या दांड्यावरून गेला तर गोल, नाहीतर सगळं पाण्यात. १८७५ मध्ये दुरुस्ती झाली: गोल सारखे असतील तर ट्राय मोजा. गुणांची पद्धत आली ती १८८६ मध्ये. माणसंही याच काळात विसाची पंधरा झाली. खेळ मोकळा झाला, पळायला जागा झाली, आणि कुंपणाला टेकून बघणाऱ्याला चेंडू दिसायला लागला.

(दृश्य: कुंपणाला टेकलेली माणसं. एक आजोबा, टोपी, हातात चहाचा पेला. त्यांच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबतो. निवेदन नाही.)

आता त्या नियमाकडे येऊ ज्याच्यासाठी आम्ही इथवर आलो.

१८७९ मध्ये यॉर्कशायरच्या समितीने चषकासाठी अट घातली: खेळणारा निखळ हौशी असला पाहिजे. ऐकायला किती स्वच्छ वाटतं. पैशासाठी खेळू नये, एवढंच.

पण गिरणीतल्या माणसाचं वेळापत्रक बघा. हिवाळ्यात इथे चार वाजता अंधारतं. दिवे नाहीत. म्हणजे सामना लवकर सुरू करायला हवा. सामना परगावी असला तर आगगाडी सकाळी गाठायला हवी. म्हणजे शनिवारची सकाळची पाळी गेली. हजेरीपटावर रेघ पडली.

आपल्या गिरणगावात याला खाडा म्हणत. दुसरा शब्द मला सुचत नाही, सुचायला नको. खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार नाही. इंग्रजी गिरणीतही तेच. वकिलाने, डॉक्टरने, कारखानदाराच्या मुलाने शनिवारी सकाळी आगगाडी पकडली तर त्याचं काही कापलं जात नाही. तो हौशी राहतो. विणकराने तीच गाडी पकडली तर तो घरी कमी पैसे नेतो. आणि क्लबाने तेवढेच, अगदी तेवढेच पैसे त्याला भरून दिले, तर तो हौशी राहत नाही.

नियम दोघांना एकच होता. कागद वाचणाऱ्याला तो समान दिसतो.

(दृश्य: अल्मंडबरी. टेकडीवरची जुनी शाळा. कमानीतून आत जाणारी मुलं.)

हडर्सफील्डजवळच्या या शाळेचे मुख्याध्यापक होते रेव्हरंड फ्रँक मार्शल. धर्मगुरू, रेफरी आणि हौशीपणाचे कडवे राखणदार. १८८६ मध्ये रग्बी युनियनने हौशीपणाचे नियम सगळ्या देशाला लागू केले. यॉर्कशायरमध्ये मार्शल यांनी क्लबामागून क्लब चौकशीला उभे केले. कोणाला किती दिलं, कशाबद्दल दिलं, हिशेबाच्या वह्या आणा.

वेकफील्ड ट्रिनिटी हा चषक पुन्हा पुन्हा जिंकणारा संघ. त्यांच्या टेडी बार्ट्रमला क्लबाने सहायक चिटणीस म्हणून वर्षाला ५२ पौंड लावले होते. आठवड्याला एक पौंड. १८८९ मध्ये चौकशी झाली आणि बार्ट्रमचा खेळ कायमचा बंद झाला. आडवाटेने पैसे दिले हे खरं. पण सरळ वाट ठेवलीच नव्हती, हेही त्याच वहीत लिहायला हवं होतं.

२० सप्टेंबर १८९३. लंडनमध्ये रग्बी युनियनची सभा. यॉर्कशायरचे जेम्स मिलर ठराव मांडतात: खेळामुळे बुडालेल्या वेळेची खरी भरपाई खेळाडूला घेऊ द्यावी. पगार मागितला नव्हता, खाडा भरून मागितला होता. बाजूने मतं १३६. विरुद्ध २८२.

(दृश्य: हडर्सफील्ड. स्टेशनसमोरचा चौक. कॅमेरा चौकातून वळून जॉर्ज हॉटेलच्या दर्शनी भागावर थांबतो.)

हे ते हॉटेल. स्टेशनला लागूनच, म्हणून सगळ्यांना सोयीचं. भिंतीचा हा पिवळसर दगड संध्याकाळी उजळतो. आम्ही तीन दिवस त्या उन्हाची वाट पाहिली, चौथ्या दिवशी दहा मिनिटं मिळालं. पडद्यावर बघताय ती हीच दहा मिनिटं.

२९ ऑगस्ट १८९५ ला उत्तरेतल्या क्लबांची माणसं इथे जमली. स्टॉकपोर्टसकट २१ क्लबांनी रग्बी युनियन सोडली आणि नॉर्दर्न युनियन ही आपली वेगळी संघटना काढली. हॅलिफॅक्स होतं, लीड्स, ब्रॅडफर्ड, हल, वेकफील्ड ट्रिनिटी, विगन. ओल्डहॅमही होतं. ओल्डहॅमचं नाव ऐकून मी चमकलो, कारण ताडदेवला कावसजी दावर यांनी मुंबईची पहिली कापडगिरणी उभारली तिची यंत्रं ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सकडून आली होती. ज्या गावाने मुंबईला यंत्रं दिली, त्याच गावाची पोरं इथे खाड्याचा हिशेब मागत होती.

नव्या संघटनेचा पहिला महत्त्वाचा नियम: बुडालेल्या दिवसाचे सहा शिलिंग. त्याहून जास्त नाही. तीन वर्षांनी, १८९८ मध्ये, त्यांनी खेळाचे पैसे घ्यायलाही मोकळीक दिली, पण खेळाडूला खेळाबाहेर खरंखुरं काम असलंच पाहिजे अशी अट लावून. बिलियर्डच्या टेबलावर गुण मांडणं किंवा सट्टेवाल्याकडे धावपळ करणं हे काम म्हणून चालणार नाही असंही ठरवलं. कामगारांच्या गावांची संघटना होती, काम म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

पुढे त्यांनी लाइनआउट, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमधून आत टाकायची रीत, काढून टाकला, १९०६ मध्ये पंधराचे तेरा केले, आणि रग्बीचे दोन वेगळे खेळ झाले. नॉर्दर्न युनियनकडे खेळलेल्याला जुन्या रग्बीत जन्मभर बंदी. १८९२ ला शेजारच्या तीन देशांविरुद्धच्या वार्षिक स्पर्धेत एकही गुण न देता तिन्ही सामने जिंकलेल्या इंग्लंडला पुढचं निर्विवाद अजिंक्यपद मिळायला १९१० उजाडलं.

(दृश्य: थ्रम हॉल. सुपरमार्केटचं वाहनतळ. एक बाई ढकलगाडी नेते. पावसाचे थेंब.)

इथे हॅलिफॅक्सचं मैदान होतं, १९९८ पर्यंत.

(दृश्य: पुन्हा शनिवारचं मैदान. रेफरी खेळाडूंच्या बुटांचे खिळे हाताने तपासतो.)

जुनं टिनपाट मात्र राहिलं. मोठे क्लब निघून गेले तरी काउंटीने चषक बंद केला नाही, आणि हौशी क्लब आजही तो खेळतात. आता या कागदाकडे बघा. संघाची यादी. सामन्याआधी रेफरीच्या हातात हा कागद पडतो आणि सगळा सामना या कागदावर उभा राहतो.

यादीत स्क्रमच्या पहिल्या रांगेचे खेळाडू खूण करून दाखवायचे असतात. समोरच्या आठ जणांचा जोर ज्यांच्या मानेवर येतो ते हे लोक. इथे कोणालाही उभं करून चालत नाही, मान मोडते. म्हणून हिशेब ठरलेला आहे. संघात १६ ते १८ जण असतील तर पहिल्या रांगेत खेळू शकणारे किमान चार हवेत. १९ ते २२ असतील तर पाच. २३ असतील तर सहा. ते अपुरे पडले तर स्क्रम होतो, पण रेटायचं नाही, नुसतं टेकून उभं राहायचं. गावच्या क्लबाला शनिवारी सकाळी सर्वांत मोठी चिंता हीच असते: पहिल्या रांगेतला आज कोण येणार नाही? कोणाची पाळी आहे, कोणाच्या घरी लहान मूल आजारी आहे, कोणाच्या गाडीने दगा दिला. हे फोन सकाळी सातपासून सुरू होतात. क्लबाच्या खोलीत आम्ही तासभर बसलो होतो, फोन ठेवायला सवडच नव्हती.

(दृश्य: मैदानाच्या कडेला बसलेला खेळाडू. खांद्यावर टॉवेल. प्रशिक्षक त्याच्यासमोर उकिडवे बसून डोळ्यांत बघतात.)

डोक्याला धक्का बसल्याचा नुसता संशय आला तरी खेळाडूने बाहेर यायचं, त्या दिवशी परत जायचं नाही. हौशी खेळात परतायला सर्वसाधारणपणे किमान २१ दिवस. बाद फेरीत २१ दिवस म्हणजे पुढची फेरी गेली. यावर वाद घालताना आम्हाला कोणी दिसलं नाही.

बरोबरीचं काय करायचं, हा १८७७ चा प्रश्न अजून आहेच. इंग्लंडमध्ये क्लबांचा राष्ट्रीय चषक सुरू झाला तेव्हा त्यांनी ठरवलं की गुण सारखे असले तर ट्राय मोजायचे, तेही सारखे असले तर पाहुणा संघ पुढे. मला हा नियम फार आवडतो. जो प्रवास करून आला, ज्याची सकाळ गेली, त्याच्या बाजूने पारडं झुकतं.

तो राष्ट्रीय चषक सुरू झाला १९७१ च्या हंगामात. कलकत्त्याच्या चिटणिसाने पत्र लिहिल्यानंतर ९४ वर्षांनी. आणि ऑगस्ट १९९५ मध्ये रग्बीच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने हौशीपणाची अट उठवली. जॉर्ज हॉटेलातल्या बैठकीला तेव्हा शंभर वर्षं भरत होती.

(दृश्य: अंतिम शिट्टी. दोन्ही संघ दोन रांगा करून एकमेकांना वाट देतात, टाळ्या वाजवतात. संधिप्रकाश.)

चार वाजले. अंधार उतरतोय.

पहिल्या रांगेतला हा तरुण घरांच्या छपरांची कामं करतो. कानावर फडकं धरलंय, हसतोय. सोमवारी सात वाजता त्याला शिडीवर चढायचं आहे. मागे भिंतीवर खडूने पुढच्या फेरीची तारीख लिहिली जाते आहे, तिकडे तो वळून बघतो, बोटं मोजतो.

(दृश्य: फळ्यावरचा खडू. सामना परगावी. बस सकाळी नऊला.)