शंभरी आणि स्क्रू ड्रायव्हर

अध्यक्ष महाराज, ग्रंथालयाचे कार्यवाह आणि एवढ्या उकाड्यातही पंख्याखालची जागा हेरून बसलेले श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावामागे 'डॉ.' छापलंय. ती मुद्रकाची कृपा. मी डॉक्टर नाही. एकतीस वर्षं सरकारी रुग्णालयांतली यंत्रं दुरुस्त केली. पेशंट दगावला की डॉक्टरांना नातेवाइकांच्या तोंडी जावं लागतं. यंत्र दगावलं की मला डॉक्टरांच्या तोंडी जावं लागायचं, आणि डॉक्टर नातेवाइकांपेक्षा जास्त चिडतात, हे अनुभवाने सांगतो. पहिल्या रांगेत दोन डॉक्टर बसलेत, ते मान डोलावतायत.

विषय आहे 'नवं तंत्रज्ञान आणि दीर्घायुष्य'. जनुकांची दुरुस्ती, कर्करोगावरच्या नव्या पेशी आणि म्हाताऱ्या पेशींना पुन्हा तरुण करणं, अशा तीन गोष्टी सांगणार असं मी कार्यवाहांना कबूल केलंय. सांगतोच. पण त्याआधी माझा अंगठा.

आपल्यातले बरेचजण पेन्शनर आहेत, म्हणजे नोव्हेंबर महिना काय असतो हे सांगायला नको. हयातीचा दाखला. पूर्वी साहेबासमोर जाऊन उभं राहायचं, साहेब चष्म्यावरून बघायचे, सही करायचे. २०१४ पासून ते 'जीवन प्रमाण' झालं. आधार क्रमांक द्यायचा, यंत्रावर अंगठा ठेवायचा, की आपण जिवंत. मी तंत्रज्ञानाचा माणूस, त्यामुळे आमच्या गल्लीत पहिला मीच गेलो, छाती पुढे काढून. काउंटरवर एक पोरगा होता, नातवाच्या वयाचा. अंगठा ठेवला. लाल दिवा. "काका, हात धुऊन या." धुतला. लाल. "काका, जरा क्रीम लावा." दुपारी एक वाजता बँकेत क्रीम कुठून आणू? मागे उभ्या असलेल्या एका बाईंनी पर्समधून दिलं. लाल. मग तर्जनी, मग मधलं बोट, अशी दहाच्या दहा बोटं झाली. शेवटी तो पोरगा अगदी मायेने म्हणाला, "काका, घरी आणखी कुणी आहे का?" म्हणजे मी नसलो तर दुसरा कुणी जिवंत चालेल!

यंत्राचं चुकत नव्हतं. वयाबरोबर कातडी कोरडी पडते, तिचा ताण जातो, बोटावरच्या रेषा सपाट होत जातात. माझ्या बाबतीत वर एकतीस वर्षांचं सोल्डरिंग आणि स्क्रू ड्रायव्हरची मूठ. म्हणजे ज्या हातांनी लोकांना जगवणारी यंत्रं चालू ठेवली, ते हात मी जगतोय याचा पुरावा द्यायला नालायक ठरले. तीन वर्षांचे नोव्हेंबर असेच गेले. पुढे २०२१ मध्ये मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला काढायची सोय आली. नातीने फोन धरला, म्हणाली, "आजोबा, डोळे मिचकवा." मिचकवले. झालो जिवंत. आमची ही बाजूला भाजी निवडत होती, ती म्हणाली, "बरं झालं, या वयात सरकारलाच डोळा मारायची वेळ आली."

हसा, पण यात माझं सगळं भाषण आलं. आयुष्य लांबवणारं शास्त्र पुढे गेलंय. स्वातंत्र्याच्या वेळी आपल्या देशात सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होतं, आज ते सत्तरीला आलंय. मात्र म्हाताऱ्या माणसाचं बोट कसं असतं, हे ज्याने यंत्र मांडलं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सगळे विचारतात, नवा शोध कधी लागणार? मी विचारतो, लागल्यावर तो चालू ठेवणार कोण?

ही माझी खोड आहे. घरचे कंटाळलेत, म्हणून इथे आलो.

आर्ने लार्सन हे नाव फार जणांनी ऐकलं नसेल. स्वीडनमधला माणूस, माझ्यासारखाच इंजिनियर. त्रेचाळिसाव्या वर्षी त्याचं हृदय मधेच थांबायला लागलं, दिवसातून वीस-तीस वेळा शुद्ध हरपायची. त्याची बायको एल्स-मारी डॉक्टरांच्या मागे हात धुऊन लागली. रुने एल्मक्विस्ट नावाच्या इंजिनियराने पेसमेकर, म्हणजे विजेने हृदयाचे ठोके चालू ठेवणारं यंत्र, बनवला आणि ओके सेनिंग या सर्जनने ८ ऑक्टोबर १९५८ ला तो लार्सनच्या पोटात बसवला. शरीरात पूर्ण आत बसवलेला हा जगातला पहिला. आता गंमत ऐका. तो ज्या रेझिनमध्ये, म्हणजे ओतल्यावर कडक होणाऱ्या डिंकात, ओतला होता, त्याला साचा कसला? बूटपॉलिशच्या डबीचा! आमच्या वर्कशॉपमध्ये मी असं काही केलं असतं तर ऑडिटने मेमो काढला असता.

तो पेसमेकर काही तासांत बंद पडला. पुस्तकात हे वाक्य एका ओळीत येतं, मी मात्र तिथे थांबतो. कारण त्यानंतर दुसरा बसवला, मग तिसरा, चौथा. आयुष्यभरात लार्सनला वीसहून जास्त पेसमेकर लागले. आणि तो २००१ मध्ये गेला, शहाऐंशीव्या वर्षी, तेही त्वचेच्या कर्करोगाने, हृदयाने नव्हे. एल्मक्विस्ट १९९६ ला गेला होता, सेनिंग २००० ला. पेशंट दोघांनाही पुरून उरला.

लोक म्हणतात पेसमेकरने त्याला त्रेचाळीस वर्षं दिली. मी म्हणतो, पहिल्या पेसमेकरने त्याला एक दुपार दिली. उरलेली वर्षं दिली ती पुढच्या सगळ्यांनी, आणि बॅटरी संपायच्या आत तारीख लिहून ठेवणाऱ्या कुणा तंत्रज्ञाने. त्या तंत्रज्ञाचं नाव कुठे सापडत नाही, साहजिकच आहे.

आता आपल्याकडचं सांगतो, रुग्णालयाचं नाव घेत नाही. नवजात बाळाला कावीळ झाली की निळ्या प्रकाशाखाली ठेवतात, फोटोथेरपी. पूर्वी त्यात निळ्या ट्यूब असायच्या. या ट्यूबची एक खोड असते. हजार-दोन हजार तास झाले की तिचा कामाचा प्रकाश उतरतो, पण ती पेटतेच. दिसायला तेवढीच निळी. एका वॉर्डात सिस्टर मला म्हणाल्या, "मशीन मस्त चालतंय हो, पण बाळांची कावीळ उतरायला फार दिवस लागतात." मी प्रकाश मोजायचा मीटर लावला. काटा जागचा हलेना. बाळं चार दिवस नुसत्या निळ्या रंगात झोपत होती. ट्यूब बदलायची मागणी मी केली, ती परत आली, शेरा असा : 'दिवे सुस्थितीत पेटत असल्याने बदलण्याची आवश्यकता दिसत नाही.' हा कागद माझ्याकडे अजून आहे. सहा आठवडे लागले. मधल्या काळात एका साहाय्यक डॉक्टरांनी खिशातून पैसे काढले, मी स्कूटरवरून ट्यूब आणल्या, पायदानावर आडव्या धरून, खड्डे चुकवत. आता एलईडी आलेत, फार टिकतात. पण टिकतात म्हणून मीटरच कुणी लावत नाही, हा नवा ताप.

(कार्यवाहांची चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' कबूल केलेले तिन्ही मुद्दे अजून बाकी आहेत, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतंय.)

तर पटापट. पहिली, जनुकांची दुरुस्ती. क्रिस्पर नावाची, जनुकं कापणारी कात्री २०१२ मध्ये हाती आली, २०२० मध्ये त्यासाठी डाउडना आणि शार्पेंतिये या दोघी शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. त्या कात्रीवर आधारलेलं पहिलं औषध, कॅसजेव्ही, २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने मंजूर केलं, सिकलसेलसाठी, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या करणाऱ्या आनुवंशिक आजारासाठी. सिकलसेल म्हटलं की आपल्याला गडचिरोली, नंदुरबार आठवायला हवं, तिथे याचे पेशंट पुष्कळ. पेशंटच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी काढायच्या, दुरुस्त करायच्या, परत घालायच्या. एकदाच करायचं. अमेरिकेत किंमत बावीस लाख डॉलर. आपण रुपयांत हिशोब करू नका, रक्तदाब वाढेल. तोवर नंदुरबारमधल्या धडगावच्या पोराला हायड्रॉक्सियुरियाची गोळी रोज मिळाली आणि ठरल्या वेळी रक्त तपासलं गेलं, तरी त्याची पुष्कळ वर्षं वाचतात. एकदाची दुरुस्ती आणि रोजची देखभाल, दोन्ही हव्यात. मला फक्त भीती आहे की पहिलीचं कौतुक करताना आपण दुसरीचं बजेट कापू.

दुसरी गोष्ट आनंदाची. रक्ताच्या कर्करोगात पेशंटच्याच टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, बाहेर काढून त्यांना शत्रू ओळखायला शिकवतात आणि परत सोडतात. परदेशात याला तीन-चार कोटी लागतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून याच उपचाराचं नेक्सकार१९ हे देशी रूप तयार झालं, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा खर्च साधारण चाळीस लाख. तरी महागच. पण स्वस्त कशामुळे झालं, हे विचारलंत तर माझा ऊर भरून येतो : पेशी घडवायची सगळी यंत्रणा इथेच उभी केली म्हणून. म्हणजे पाना आपल्या हातात.

तिसरी, तारुण्य. जपानी शास्त्रज्ञ यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या कातडीच्या पेशीत चार जनुकं घालून तिला गर्भातल्या पेशीसारखं केलं, २०१२ ला नोबेल. आता काही जण विचारतात, थोडंच मागे नेता येईल का, पेशीने आपलं काम विसरायच्या आत? उंदरांत प्रयोग चालू आहेत. जास्त मागे गेलात तर गाठी होतात. माणसाला वेळ आहे.

आणि रॅपामायसिन, हे सांगितल्याशिवाय मी उतरणार नाही. ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं औषध. सुरेन सहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने ते वेगळं काढलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने माँट्रियलची प्रयोगशाळा बंद केली, काम गुंडाळलं. सहगलनी त्या जिवाणूच्या कुप्या घरच्या फ्रीजरमध्ये, आइस्क्रीमच्या शेजारी ठेवल्या आणि बिऱ्हाडाबरोबर अमेरिकेत नेल्या. पुढे १९९९ मध्ये ते मूत्रपिंड रोपणासाठी औषध म्हणून मंजूर झालं. २००९ मध्ये दिसलं की म्हाताऱ्या उंदरांना दिलं तरी ते जास्त जगतात. माणसांचं सिद्ध व्हायचंय, तेव्हा उद्या दुकानात जाऊन मागू नका. मी रात्री झोपताना विचार करतो तो वेगळाच : त्या फ्रीजरचा गॅस गळला असता तर?

दुसरी चिठ्ठी आली. यावर 'पुरे' एवढंच लिहिलंय, अक्षर अध्यक्षांचं आहे.

शेवटचं, प्रश्नोत्तरांना वेळ नाही म्हणून सांगतो. मघापासून तिसऱ्या रांगेतून बारीक शिट्टी येतेय, ती माइकची नाही. कुणाचं तरी श्रवणयंत्र वाजतंय. बहुतेक वेळा यंत्र ठीक असतं, कानातला साचा सैल झालेला असतो, नाहीतर मळ असतो. चहाच्या वेळी माझ्याकडे या. छोटा ब्रश आणि बॅटऱ्या पिशवीत आहेत.