पाच फ्रेमा

(दृश्य : कळवा. गॅलरीतून रुळांचा पट्टा. आत टेबल, फितींची रिळं.)

सकाळचे सहा. कळव्यातल्या या दोन खोल्यांत इस्त्री तापत ठेवलीय. टेबलावर दोन बोटं रुंद फीत आहे. अर्धी गर्द निळी, अर्धी भगवी. वीरचक्राची. दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या गोपीनाथ बाजारातून पार्सलने आलीय.

इस्त्री करतायत ते सुभेदार. बिल्डिंगमध्ये त्यांना दुसरं नाव नाही. फितीवर मलमलचा तुकडा, मगच इस्त्री. थेट लागली की फितीला चकाकी येते, आणि चकाकणारी फीत फौजी माणसाच्या डोळ्यात लगेच खुपते.

पुठ्ठा कापायचा, त्यावर फीत ताणायची, मागून टाके घालायचे. टाका समोरून दिसला की उसवायचा. ही फीत आज तिसऱ्यांदा उसवली.

"बाबा, चहा निवला," सूनबाई आतून सांगतात. सुभेदारांचं लक्ष दोऱ्याकडे.

(दृश्य : भिंतीला टेकवलेल्या फ्रेमा. एकेकीवर कॅमेरा सरकतो.)

१६ डिसेंबर. विजय दिवस. त्या संध्याकाळी नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये ठाण्यातले माजी सैनिक एक छोटा कार्यक्रम करतायत. युद्धात उतरलेले आणि पुढे खासदार-आमदार झालेले, अशा पाच जणांना मानवंदना. फोटो आणि त्याखाली त्या माणसाने कमावलेली फीत. पदक ज्याचं त्याच्या घरी.

पहिली फ्रेम लेफ्टनंट जनरल जगजीतसिंग अरोरा यांची. फोटो सगळ्यांच्या ओळखीचा. १९७१, ढाका, टेबलाशी बसलेले अरोरा आणि शेजारी शरणागतीवर सही करणारे पाकिस्तानी जनरल नियाझी. सुमारे ९३ हजार युद्धकैदी. हेच अरोरा १९८६ मध्ये राज्यसभेत गेले, हे मात्र कार्यक्रमाची पत्रिका छापणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

दुसरी, मेजर जनरल राजिंदरसिंग 'स्पॅरो'. इथे सुभेदार आपणहून बोलायला लागतात, म्हणून आम्हीही थांबलो. १ नोव्हेंबर १९४८, झोजिला खिंड, साडेअकरा हजार फूट. सातव्या कॅव्हलरीचे, म्हणजे रणगाड्यांच्या रेजिमेंटचे, स्टुअर्ट रणगाडे वर न्यायचे होते. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून त्यांचे टरेट, म्हणजे वरचे तोफेचे फिरते घुमट, उतरवून ठेवले, रणगाडे रात्रीचे हलवले, सॅपर्सनी, म्हणजे फौजेच्या इंजिनिअरांनी, खेचरांच्या वाटेचा रस्ता केला. एवढ्या उंचीवर रणगाडा येईल, हे समोरच्याच्या ध्यानीमनी नव्हतं. रेजिमेंटची कमान स्पॅरोंकडे होती. महावीरचक्र मिळालं, आणि १९६५ मध्ये सियालकोटच्या आघाडीवर दुसऱ्यांदा मिळालं. म्हणून त्यांच्या पांढऱ्या-भगव्या फितीवर आडवी पट्टी आहे. सुभेदारांनी ती पितळी पत्र्यातून स्वतः कापलीय. कडा घासायला एक अख्खी दुपार गेली. १९८० च्या दशकात स्पॅरो जालंधरचे खासदार होते.

तिसरी फ्रेम, आणि इथे थोडी कुरबूर आहे.

(दृश्य : निळी-भगवी फीत, जवळून. सुभेदारांचा अंगठा.)

कॅप्टन अयूब खान. १९६५ मध्ये १८ कॅव्हलरीचे नायब रिसालदार. पाकिस्तानचे पॅटन रणगाडे फोडले, वीरचक्र मिळवलं. १९८४ मध्ये राजस्थानातल्या झुंझुनूने त्यांना लोकसभेत पाठवलं, १९९१ मध्ये पुन्हा. केंद्रात राज्यमंत्रीही झाले.

सुभेदारांना ही फ्रेम पहिली हवी होती. बाकीचे चौघे अफसर. खालून चढत आलेला हा एकटा, त्यांच्यासारखाच जेसीओ, म्हणजे जवानांतून बढती घेत वर आलेला. पण मानक्रम म्हणजे मानक्रम : पद्मभूषण महावीरचक्राच्या आधी आणि महावीरचक्र वीरचक्राच्या आधी. अरोरांकडे पद्मभूषण होतं. तेव्हा या तिघांत अयूब खान तिसरे. नियम मोडायची सूचना इतरांनी केली होती. ती सुभेदारांनीच धुडकावली.

उरलेल्या दोन फ्रेमा, राजीनामा दिल्यावरही १९६५ च्या लढाईसाठी पुन्हा फौजेत आलेले कॅप्टन अमरिंदरसिंग आणि माजी लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंग, त्या दिवशी काचवाल्याकडे होत्या.

(दृश्य : टेम्पो, कळव्याचा खाडीपूल. चादरीत गुंडाळलेल्या फ्रेमा.)

पुलावर वाहनांची रांग आहे. ती नसती तरच नवल. तोवर एक गोष्ट. आपल्या विधान परिषदेत ७८ जागा. त्यांतल्या १२ जणांना राज्यपाल नेमतात. घटनेच्या कलम १७१ ने क्षेत्रं घालून दिलीत : साहित्य, विज्ञान, कला, सहकार चळवळ, समाजसेवा. सहकाराची आठवण ठेवली, ते महाराष्ट्राला मानवलंही. या यादीत सैनिक मात्र नाही. फौजीला सभागृहात जायचं तर पक्षाचं तिकीट हवं, आणि तिकिटाच्या रांगेत झोजिला कोण विचारतो?

(दृश्य : हॉल. सुभेदार ब्लेझरमध्ये, डाव्या छातीवर पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल, १९७१ च्या युद्धाची पदकं.)

हॉल भरला. एक वीरपत्नी पतीची पदकं उजव्या बाजूला लावून आल्यात. रिवाज तोच आहे, घरच्यांनी उजवीकडे लावायची. फ्रेमांना हार नाहीत. हाराने फीत झाकली जाते, म्हणून सुभेदारांनी आधीच बजावलं होतं.

राज्यपालांच्या त्या यादीत सैनिकही असावा, या मागणीचा अर्ज वाचला गेला, सह्या झाल्या, अर्ज पुढे पाठवला. उत्तर नाही. फ्रेमांना एका वाचनालयात कायमची भिंत मिळणार होती. तिथे आता वॉटर कूलर बसलाय.

(दृश्य : कळव्याची खोली. दिवाण.)

फ्रेमा दिवाणाखाली आहेत, त्याच चादरीत. दमट हवेने निळ्या रंगाला पांढुरकी झाक येते, म्हणून सुभेदार दर रविवारी एकेक बाहेर काढतात.

आज अयूब खानांची पाळी.