आधी ओल, मग रंग

नमस्कार मंडळी. घर विकायला काढलंय? मग रंगाऱ्याला फोन करायच्या आधी भिंतीला हात लावून बघा. ओल लागली तर वर रंग मारू नका. पुन्हा सांगते, आधी ओल, मग रंग. पाणी कुठनं मुरतंय ते बंद करा, भिंत खडखडीत वाळू द्या. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात पोपडे सुटतात आणि घेणारा तुमच्या नावानं खडे फोडतो.

आमच्या आत्यानं कोल्हापुरातलं शुक्रवार पेठेतलं घर विकायला काढलं तेव्हाची गोष्ट. 2019 चा महापूर त्या घरानं बघितला, 2021 चाही बघितला. आम्ही भाचरांनी चार दिवस राबून माळा रिकामा केला, तांब्याचा बंब चिंचेनं घासून लख्ख केला. गिऱ्हाईक येणार रविवारी. मी म्हटलं, "आत्या, आज मटण नको, वास बसतो." तिनं असं बघितलं की मी गप्प. (हॉटेलातल्या तांबड्याला हल्ली नुसता तवंग असतो, आत्याच्या रश्शाला चव होती, असो.) शेवटी पातेलं शेजारी गेलं.

पाहुणे आले. घेणाऱ्यांची आई थेट मागच्या न्हाणीत शिरली आणि नाकाला पदर लावून बाहेर आली. भाडेकरू गेल्यापासून ती न्हाणी बंद. वापर नसला की जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या वळणातलं, पाणी आटतं आणि गटाराचा वास सरळ घरात येतो. तिथं उदबत्त्या लावून काय होणार? आत्यानं तांब्याभर पाणी ओतलं, खिडकी उघडली. लक्षात ठेवा, बंद न्हाणीत तांब्याभर पाणी.

म्हातारीनं मग विचारलं, "पाणी कुठवर आलतं?"

आम्ही सगळे फरशीकडं बघायला लागलो. पुराची खूण रंगाऱ्यानं झाकली होती, आमच्याच सांगण्यावरनं. आत्या उठली. कॅलेंडरला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल घेतली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली, आणि ताज्या रंगावर खांद्याएवढ्या उंचीवर रेघ ओढली. "हे 2019." मग तिच्याजवळच दुसरी. "हे 2021."

नव्या रंगाचे पैसे माझ्या खिशातले होते, मंडळी.

म्हातारीनं रेघेवर बोट फिरवलं. "आमच्या चिखलीत माळ्यापातुर आलतं. ह्ये काय मोठं न्हाई." मग खुर्चीत टेकली, बोळाकडं मान वळवली आणि म्हणाली, "रस्सा कुणाच्यात शिजतोय?"