परक्या बॉडीवर ऑटोफोकस

मित्रहो, एका कंपनीची ऑटोफोकस लेन्स दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर चालेल का, हा प्रश्न जळगाव-धुळ्याकडे जुनी लेन्स घेताना हमखास विचारला जातो. त्यात खरे तर दोन प्रश्न आहेत: लेन्स बसेल का, आणि बसल्यावर ती कॅमेऱ्याचे ऐकेल का.

पहिल्याचे उत्तर मोजमापाने मिळते. माउंटपासून (लेन्स जिथे कॅमेऱ्याला जोडतात त्या कड्यापासून) सेन्सरपर्यंतचे अंतर निकॉनच्या एफ माउंटमध्ये ४६.५ मिलिमीटर, कॅननच्या ईएफमध्ये ४४, तर सोनीच्या ई माउंटमध्ये अवघे १८ आहे. लेन्सला लागणारे अंतर बॉडीच्या अंतरापेक्षा जास्त असेल, तर उरलेली जागा अडॅप्टरने, म्हणजे दोघांमध्ये बसणाऱ्या जोडकड्याने, भरून निघते. उलट असेल, तर मधे जादा काच घातल्याशिवाय दूरच्या डोंगरावर फोकस येत नाही. आतला आरसा नसल्याने हे अंतर कमी असलेल्या मिररलेस बॉडी आल्यापासून ही अडचण बरीचशी मिटली.

दुसरा प्रश्न मात्र लेन्सच्या पोटातल्या यंत्रणेचा आहे, आणि माझ्या मते खरेदीचा निर्णय त्यावरच व्हावा. १९८५ च्या मिनोल्टा ७००० कॅमेऱ्यात फोकसची मोटार बॉडीत होती आणि ती एका दांड्याने लेन्स फिरवीत असे. निकॉननेही त्यानंतर तीच वाट धरली. कॅननने १९८७ मध्ये ईओएस ही कॅमेऱ्यांची मालिका आणताना मोटार लेन्समध्ये घातली, ॲपर्चरही (प्रकाश आत सोडणारे, लहानमोठे होणारे छिद्र) विजेवर चालवले आणि माउंटवर केवळ विजेचे संपर्कबिंदू ठेवले. म्हणूनच आज परक्या बॉडीवर कॅननच्या ईएफ लेन्स तुलनेने सहज चालतात. उलट निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्स त्याच कंपनीच्या मिररलेस बॉडीसाठीच्या एफटीझेड अडॅप्टरवर बसतात, पण त्यात मोटार नसल्यामुळे फोकस हातानेच करावा लागतो.

कॉन्टॅक्सच्या एन मालिकेचे उदाहरण याहून बोलके आहे. कॉन्टॅक्स कॅमेरे बनवणाऱ्या क्योसेराने २००५ मध्ये कॉन्टॅक्सचा व्यवसाय आवरता घेतल्यावर त्या झाइस लेन्स पोरक्या झाल्या. परंतु त्यांत मोटार आणि विजेवरचे ॲपर्चर दोन्ही होते, शिवाय त्यांचे अंतर ४८ मिलिमीटर असल्यामुळे माउंट बदलून आणि आतले सर्किट नव्याने बसवून त्या ईएफच्या करता आल्या. अशा रूपांतरात लेन्स मूळ बॉडीला मात्र कायमची मुकते. अडॅप्टर काढून ठेवता येतो, हा फरक पैसे मोजण्यापूर्वी ध्यानात घ्यावा.

आता कामगिरीचे पाहू. रूपांतरित लेन्स आपण कोण आहोत हे कॅमेऱ्याला दुसऱ्याच लेन्सच्या नावाने सांगते, आणि त्या नावाखाली कॅमेऱ्यात साठवलेल्या दुरुस्त्या तिला लागू पडतातच असे नाही. डीएसएलआरमध्ये (आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यात) फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असल्याने चूक थेट छायाचित्रात उतरते, म्हणून तिथे सूक्ष्म समायोजन, म्हणजे त्या लेन्सपुरती फोकसची बारीक दुरुस्ती, करावे लागते. मिररलेसमध्ये मोजणी चित्राच्या सेन्सरवरच होते, त्यामुळे नेमकेपणा टिकतो. पण वारंवार बारीक हालचाली करण्यासाठी न घडवलेली जुनी मोटार मागे पडते, आणि अंधूक प्रकाशात लेन्स फोकस शोधत मागेपुढे फिरत राहते.

म्हणून सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत अंगावर धावून येणारा घोडा टिपायचा असेल, तर मी बॉडीच्या कंपनीचीच लेन्स सुचवीन, मग ती काचेच्या दृष्टीने थोडी साधी असली तरी चालेल. तोरणमाळच्या रानात फांदीवर निवांत बसलेला रानपिंगळा (एक छोटे घुबड) किंवा चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांनी केले तसे टेबलावरच्या मांडणीचे काम असेल, तर रूपांतरित लेन्स उत्तम. मूस यांच्या त्या कामाकडे पाहिले की ऑटोफोकसची इतकी घाई कशासाठी, असाही प्रश्न पडतो, पण तो निराळा विषय.

घेताना लेन्स स्वतःच्या बॉडीवर लावून उघड्या ॲपर्चरवर जवळचा व दूरचा असे दोन्ही फोकस तपासावेत. अडॅप्टरचे फर्मवेअर (त्याच्या आतला प्रोग्रॅम) बदलता येते का, हेही विचारावे. कारण कॅमेऱ्याची भाषा अडॅप्टर बनवणाऱ्यांनी बहुधा बाहेरून उलगडलेली असते आणि कॅमेऱ्याच्या एखाद्या अपडेटनंतर तो संवाद बंद पडू शकतो.