डोळे मिटा आणि नाणं ओळखा

नमस्कार श्रोतेहो. भाकरी थापताना नजर कुठे असते? चुलीवर, तव्यावर, नाहीतर दारात आलेल्या माणसावर. कड पातळ झाली, मध्ये जाड राहिली, हे बोटंच सांगतात. न बघता हात कुठे आहे, किती दाबतोय हे कळणं म्हणजे अंगाची जाणीव. तिचे खबरे स्नायूंत, सांध्यांत, कातडीत बसलेले असतात.

हे खबरे गप्प झाले तर? इंग्लंडच्या इयान वॉटरमनचं ऐका. साल 1971, वय 19, धंदा खाटकाचा, म्हणजे सुरीवर बसलेला हात. आजारपण आलं आणि मानेखालची स्पर्शाची, अवयवांच्या जागेची जाणीव गेली. नीट ऐका, ताकद गेली नव्हती. चटका कळायचा, दुखणं कळायचं. पण पांघरुणाखाली आपला हात कुठे आहे, पत्ता नाही. हलवायला जावं तर भलतीकडेच. मग त्याने वाट काढली: अवयवाकडे बघायचं, मनाशी ठरवायचं, मग हलवायचं. असं करत पहिल्यांदा अंथरुणात उठून बसला. झालेल्या आनंदात लक्ष सुटलं, आणि पडता पडता वाचला! पुढे चालला, मोटारही चालवली. पण दिवा गेला की उभा माणूस कोसळायचा. डोळेच त्याचे खबरे. दिवा गेला की खबर बंद. आपण मात्र लाईट गेल्यावर फळीवरची काडेपेटी अंधारात बरोबर काढतो.

तालमीतल्या पोरालाही समोरच्याचा तोल पकडीतून कळतो, डोळ्यांनी नाही. पोरांच्या हातात मोबाईलआधी लाल माती द्यावी, असं माझं मत. असो.

आता सराव. रोज दहा मिनिटं. पिशवीत एक, दोन, पाच, दहाची नाणी, प्रत्येकी तीन. डोळे मिटून एकेक ओळखा, मग उघडून बघा. बघितल्याशिवाय चूक सुधारत नाही. दुसरं: मोरीवर बसून अर्धा तांब्या पाणी फक्त अंगठा आणि दोन बोटांत धरा. पकड हळूहळू सैल करा. निसटू लागला की किंचितच आवळा. तेवढीच पकड पुरते.

बिघडतं कुठे? श्वास रोखला जातो, खांदे कानापाशी जातात, पकड आवळते. दुसऱ्या हाताने कोपराखाली चाचपून मूठ वळा: बोटं ओढणारे मोठे स्नायू तिथे आहेत. ते ताठले की बारीक फरक कळत नाही. हात थकला की थांबा. थकलेला हात जागा चुकीची सांगतो.

नाणी ओळखून शिलाई सुधारेल असं मात्र नाही. चपलेची वेणी घालणाऱ्याने डोळे मिटून वादीच हाताळावी, शिवणारीने कापडाची घडी. मधुमेहाने बोटं बधिर असतील तर डोळे मिटून सुई, सुरी, गरम तवा नको. नाणीच बरी, आणि आधी डॉक्टर.